न बदललेल्या दोन ओळी

श्रीरामपूर,
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय दादा,

आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू आला नाहीस म्हणून भांडायला हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. ते भांडण मी मनातल्या मनात इतक्या वेळा केलंय की आता त्यातला दमच गेला. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण बसत नाही. बेलापूरच्या घराला मागच्या बाजूने पत्रे टाकून घेतले, तिथे तिने चूल हलवलीय. गॅस आहे, तरी भाकरी चुलीवरचीच लागते. मी अजून श्रीरामपूरला मच्छिंद्र सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. सकाळी एसटीने येते, संध्याकाळी परत जाते. लग्नाचं विचारू नकोस, तुला विचारण्याचा हक्क आहे असं मला वाटत नाही.

तुला आबा आठवतात ते कामावरच्या निळ्या कपड्यातले असतील. निवृत्त झाल्यावरचे आबा तू पाहिलेच नाहीस. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, हाताला काम नाही म्हणून गावातले सगळे पंप दुरुस्त करत फिरायचा. कुणी चहा दिला तर घ्यायचा, एवढाच मोबदला. आणि प्रत्येकाला न चुकता सांगायचा, आमचा प्रशांत अमेरिकेत हाय, कंपूटरचा इंजिनेर हाय. ऐकणाऱ्याने ते वीसदा ऐकलेलं असायचं. तुझी पत्रं यायची बंद झाली तसं आबांचं सांगणं वाढत गेलं. तुझ्या लग्नाचा तो एक फोटो त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. सून यामिनी पुण्याची आहे, तुम्ही तिकडेच नोंदणी पद्धतीने लग्न केलंत, एवढंच आम्हाला माहीत. आई म्हणायची, एकदा आनून दाखव म्हनाव. आबा म्हणायचे, रजा भेटत नसंल.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर क्लासमध्ये इंटरनेट आलं. पुण्याला फोन लावून जोडायचं, ते किरकिर करत जोडलं जायचं आणि अर्ध्या वेळा तुटायचं. पहिल्याच दिवशी सरांनी आम्हा शिकवणाऱ्यांना सर्च इंजिन दाखवलं. कुणाचंही नाव टाका, म्हणाले. कुणी क्रिकेटपटूंची नावं टाकली, कुणी देवांची. मी तुझं टाकलं. आणि तू निघालास, दादा! निळ्या अक्षरांत तुझं नाव आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. मी श्रीरामपूरजवळच्या बेलापूर गावचा. माझे वडील सोपान भालेराव साखर कारखान्यात फिटर आहेत आणि माझी आई भामाबाई हिने मला शिकवण्यासाठी दुसऱ्यांच्या शेतात काम केलं. युनिव्हर्सिटीत शिकत असताना तू केलेलं पान असणार ते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सर म्हणाले, मॅडम, उघडा की पान, रडताय काय.

मी उघडलं. पान उतरायला खूप वेळ लागला. आधी वरचा निळा पट्टा आला, मग तुझा फोटो वरून खाली हळूहळू आला, तू आणि यामिनी, मागे लाल पूल. मग मजकूर. त्यात बेलापूर नव्हतं. फिटर नव्हता. भामाबाई नव्हती. त्यात तू पुण्याच्या एका शिक्षकी घराण्यातला होतास, आणि आईवडील तू लहान असतानाच वारले होते.

मी मागे गेले, परत ती यादी पाहिली. दोन ओळी तशाच. परत क्लिक केलं. परत तेच, आईवडील वारलेले. मला वाटलं, दोन माणसं आहेत आणि मशीनने घोळ घातलाय. पण फोटो तुझा होता. डाव्या भुवईवरची खूण, लहानपणी प्रवरेच्या घाटावर पडलास तेव्हाची, तीसुद्धा दिसत होती.

मी सरांना नाव न सांगता विचारलं की बाहेर एक आणि आत दुसरंच, असं कसं दिसतं. सरांना समजावून सांगायला आवडतं. ते म्हणाले, आपण शोध म्हणतो तेव्हा ते मशीन जगातली पानं चाळायला जात नाही. त्याचा एक प्रोग्राम आधीच सगळीकडे फिरून पानं वाचून आलेला असतो. त्यातले शब्द आणि सुरुवातीच्या ओळी तो आपल्याकडच्या सूचीत ठेवतो. तुम्ही विचारलं की त्या सूचीतलं दाखवतो. मधल्या काळात मालकाने पान बदललं, तर त्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. तो पुन्हा तिथे जाईल तेव्हा त्याला कळणार. मी विचारलं, कधी जाईल? ते हसले. मोठ्या पानांवर लवकर जातो. कुणा एखाद्याच्या घरगुती पानाकडे महिनेच्या महिने फिरकत नाही. आणि वाचून आला तरी लगेच दिसत नाही, नवी सूची तयार होऊन लोकांपुढे यायला आणखी वेळ लागतो. म्हणजे हे बदल ताजे आहेत तर, असं मी म्हटलं. सर म्हणाले, हो, नुकतेच केलेले दिसतात. कुणाचं पान आहे? मी म्हटलं, ओळखीच्याचं.

दादा, तू का केलंस हे मला कळत नाही असं समजू नकोस. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दिवाळीला तू घरी आलास, घाटावर मला घेऊन गेलास आणि सांगितलंस की होस्टेलवर पोरं विचारतात, कुठले भालेराव? आपलं आडनाव दोन्हीकडे चालतं. तू काही बोलला नाहीस आणि ते सोयीचं ते धरून चालले. नंतर खरं कळल्यावर तुझ्या ताटाशेजारची ताटं कशी उठली, हे सांगताना तू हुंदके देत होतास. मी तेव्हा नववीत होते. तुझा हात धरून बसले, आणखी काय करणार. पुढे नगरला खोली शोधताना घरमालकिणीने मला तेच विचारलं, कुठले भालेराव, तेव्हा मीही गप्प बसले आणि खोली मिळवली. त्यामुळे गप्प बसणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून गप्प बसणं वेगळं. तू तर जिवंत आईबापांना मारून टाकलंस. आणि तेही अशा देशात, जिथे भालेराव म्हणजे कोण हे विचारणारं कुणी नव्हतं. म्हणजे ते गोऱ्यांसाठी नव्हतंच. ते आपल्याच लोकांसाठी होतं, तुझ्या घरातल्यांसाठी.

मी घरी काही बोलणार नव्हते. पण सर बाजारात आबांना भेटले आणि बोलून गेले की तुमच्या मुलाचं नाव आमच्या कॉम्प्युटरवर येतं, तुमचंसुद्धा येतं. झालं. आबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून क्लासच्या जिन्यात उभे. मी सगळं टाळून पाहिलं, आज लाइन नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मी बसतो की, लाइन ईस्तवर. शेवटी जोडलं. तुझं नाव टाकलं. त्या दोन ओळी आल्या. आबांना इंग्रजी अक्षरं येत होती, कारखान्यातल्या मशीनवरच्या पट्ट्या वाचून वाचून शिकलेली. त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि एकेक अक्षर लावलं. सो, पा, न. मग बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, माधुरे, आख्ख्या जगाला दिसतंय व्हय हे? मी म्हटलं, हो. पुढचं उघडून दाखव म्हणाले. मी म्हटलं, लाइन फार हळू आहे आबा, उघडत नाही.

त्यानंतर दर बाजाराला ते यायचे. मेथीची जुडी पायाशी ठेवायची, चष्मा पुसायचा आणि त्या दोन ओळी वाचायच्या. एकदा शेजारच्या दगडाबाई मावशींना घेऊन आले. मावशी पडद्यापुढे वाकून म्हणाल्या, आगं बया, सोपानराव, तुमी तर टीव्हीत आला की वो! आबा लाजले. क्लासमधली पोरं हसली. मीही हसले, पण डोळा पडद्यावरच होता. कारण मला माहीत होतं की त्या ओळी तुझ्या पानावरून पुसल्या गेल्यात. सूचीत शिल्लक आहेत, त्या फक्त तो प्रोग्राम अजून फिरकला नाही म्हणून. आज ना उद्या तो येणार, तुझं नवं पान वाचणार, आणि एखाद्या सकाळी आबांच्या डोळ्यांपुढे नवी ओळ उभी राहणार. म्हणून आबा यायच्या आधी मी रोज स्वतः शोधून बघायचे. जुनं आहे ना, मग हुश्श. तुझ्या गुन्ह्यावर मी पांघरूण घालत बसले होते, आणि तुला ते माहीतसुद्धा नव्हतं.

तुला त्या काळात मी दोन ईमेल पाठवले, आठवतात? त्यात काही आरोप केला नव्हता. एवढंच लिहिलं होतं की आबा तुझं पान बघतात, जरा बघ त्यात काय लिहिलंय. पानाच्या तळाशी जो पत्ता होता त्यावरच पाठवले. तू पहिल्याला उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्याला दिलंस, एका ओळीचं, की कामात आहे, नंतर बोलू. दोन मिनिटांचं काम होतं, दादा. एक वाक्य काढायचं होतं. तू काढलं नाहीस.

मार्चमध्ये ते झालं. त्या दिवशी माझी परीक्षेची बॅच होती, मला आधी बघता आलं नाही. आबा आले, सरांनीच कौतुकाने त्यांना खुर्ची दिली, तुझं नाव टाकून दिलं आणि गेले. मी पोरांची उत्तरं तपासून वळले तर आबा वाचत होते. बोट काचेवर होतं. निळं नाव तेच, खालच्या ओळी नव्या. पुणे हा शब्द त्यांना लागला असणार. टीचर लागला असणार. पेरेंट्स हा शब्दही त्यांना येत होता, तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ते जिथे सही करायचे तिथे तो छापलेला असायचा. पुढचा शब्द त्यांनी मला विचारला. डाइड म्हंजी मेले ना गं?

मला खोटं बोलता आलं नाही. खरंही बोलता आलं नाही. आबांनी चष्मा काढला, घडी केला, खिशात ठेवला. म्हणाले, हे आपलं न्हाई. दुसऱ्या कुनाचं तरी आसंल. एका नावाची लई मानसं आसत्यात जगात. आणि जिना उतरून गेले. मेथीची जुडी राहिली ती मी घरी नेली. घरी आईला म्हणाले, आज लाइन नव्हती.

त्यानंतर ते क्लासला कधी आले नाहीत. तुझा विषयही त्यांनी काढला नाही. पंप दुरुस्त करायला जायचे, पण काम झालं की निघून यायचे, चहाला थांबायचे नाहीत. थांबलं की लोक विचारायचे ना, प्रशांत काय म्हनतोय. फोटो त्यांनी भिंतीवरून काढला नाही. मला वाटलं होतं काढतील.

मे महिन्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकासाहेबांच्या एसटीडी बूथवरून मी तुला फोन लावला. तू उचललास. मी सांगितलं. मला वाटलं, आता रडशील, आता म्हणशील निघतो. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, कोण आहे रे? आणि तू फोनवर हात ठेवलास, पण नीट ठेवला नाहीस. मी ऐकलं. काही नाही, ऑफिसचा फोन आहे, असं तू म्हणालास. मग मला हळू आवाजात म्हणालास की व्हिसाचं अडकलंय, आत्ता निघता येणार नाही. बूथमधून बाहेर आले तेव्हा आई दारात उभी होती. तिने विचारलं, रडला का गं? मी हो म्हटलं. मार्चमध्ये आबांशी जे खोटं बोलता आलं नाही ते मी आईशी बोलले.

ते फार टिकलं नाही. तिला आधीच माहीत होतं. आबांनी नंतर त्या मार्चमध्येच तिला सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं की ते प्रशांतचंच हे आपल्याला उमगलंय, एवढं माधुरीला कळू देऊ नको, पोरीला वाईट वाटंल. आम्ही तिघं एका घरात तुझं एकच पाप एकमेकांपासून लपवत राहत होतो.

जूनमध्ये मी आबांचं पान केलं. फुकट जागा मिळते तिथे. त्यांचा फोटो टाकला, सही करतानाचा. सोपान भालेराव, राहणार बेलापूर, साखर कारखान्यात फिटर, छप्पन्न साली दीक्षेच्या वेळी नागपूरला आपल्या बापासोबत गेले होते, हे लिहिलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकले, हे लिहिलं. मागे कोण आहे हे लिहिण्याची वेळ आली तेव्हा मी थांबले. खरं सांगते, तुझं नाव घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, परशांतचं न्हाई घातलं? मी म्हटलं, त्याने आपलं काढलं. आई म्हणाली, त्यानं काडलं आसंल. आपन कुनाला काडीत न्हाई. घाल.

म्हणून घातलं. मुलगा प्रशांत, कॉम्प्युटर इंजिनिअर, अमेरिका. तुझ्या गावाचं आणि कंपनीचं नावही घातलं, ते मात्र आईने सांगितलं नव्हतं. मग त्या सर्च इंजिनला पानाचा पत्ता कळवला. आपण कळवलं म्हणजे ते लगेच येतं असं नाही, हे मला आता चांगलं कळत होतं. सरांच्या क्लासच्या पानावरून आबांच्या पानाला दुवा दिला, म्हणजे तिथे वाचायला आलेला प्रोग्राम इकडेही येईल. आणि वाट बघितली. आधी जुन्या ओळी जाऊ नयेत म्हणून रोज शोधायचे, आता नव्या याव्यात म्हणून. जुलै गेला. ऑगस्टमध्ये एका दिवशी आबांचं पान दिसलं, दुसऱ्या दिवशी शोधलं तर गायब. सर म्हणाले, त्यांची बरीच मशीन्स असतात, सगळ्यांवर नवी सूची एकदम चढत नाही, थांबा. थांबले. सप्टेंबरात ते आलं ते पक्कं आलं. आता कुणीही तुझं नाव टाकलं की पहिलं तुझं पान येतं, आणि त्याच्याच खाली आबांचं. वर वारलेले आईवडील, खाली त्यातल्याच वडिलांचा फोटो.

मी हे सूडाने केलं का, असं तू विचारशील. थोडं सूडाने, थोडं आबांसाठी. किती कशासाठी ते मला वेगळं करता येत नाही.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. गेल्या आठवड्यात क्लासच्या पत्त्यावर यामिनीचा ईमेल आला. ती तुमच्या मुलीला दाखवत होती की बघ, बाबांचं नाव कसं येतं कॉम्प्युटरवर. तुला मुलगी आहे, तीन वर्षांची, अंबिका तिचं नाव, हे मला त्या मेलमधून कळलं. यामिनीने फार काही लिहिलं नव्हतं. फोटोतल्या माणसाचं कपाळ आणि हनुवटी प्रशांतची आहे, एवढं लिहून तिने एकच विचारलं होतं, आई आहेत का अजून? मी लिहिलं, आहेत. मग तिने बाकीचं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आपण कोण, कुठले भालेराव, मे महिन्यातला ऑफिसचा फोन कुणाचा होता, सगळं. डिसेंबरात ती अंबिकाला घेऊन बेलापूरला येते आहे. तिकीट काढते म्हणाली, आणि तुझ्याशी ती स्वतः बोलणार आहे. हे मी तुला ईमेलने कळवू शकले असते, आजच्या आज पोचलं असतं. मुद्दाम टपालात टाकते आहे. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा तिचं बोलून झालेलं असेल, आणि रात्रीतून नवी गोष्ट रचायला तुला वेळ मिळालेला नसेल. आईने एकदाच विचारलं, त्यो येनार का संगं? मी म्हटलं, मी विचारलेलं नाही. तर म्हणाली, इचारू नगं. आला तर ताट हाय. पण मी आई नाही, दादा. आलास तर स्टँडवर उतरल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याला मोठ्याने सांग की मी सोपान फिटरचा मुलगा. यामिनी शेजारी उभी असताना सांग. तेवढं जमलं तर घरी ये. नाही जमलं तर तिथूनच परतीची एसटी मिळते.

सोपान आणि भामाबाई यांची मुलगी, आणि तेवढ्यापुरती तुझीच,
माधुरी